वरच्या रांगेतल्या पेट्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

दहापैकी शून्य!

पाव नाही, अर्धा नाही — शून्य. प्रश्न साधा होता. लोकरीच्या गोदामात मालाची मोजणी चालली आहे, तिथे ऑडिटर काय काय करेल, त्याचं वर्णन करा. मी लिहिलं — साठा तपासावा. मोजणी बघावी. नोंदी जुळवाव्यात. पावत्या तपासाव्यात. अशा दहा ओळी. शिकवणीच्या ऑलिफंटबाईंनी प्रत्येक ओळीशेजारी लाल अक्षरात एकच शब्द लिहून पाठवलाय. 'कसं?' दहा वेळा 'कसं?' आणि तळाला — 'कॅट्रिओना, तुम्ही हे काम किती वर्षं करताय?'

अकरा. अकरा वर्षं करतेय, बाई.

लेखापालाच्या परीक्षेचे बाकीचे सगळे पेपर सुटले. हा एक ऑडिटचाच चार वेळा राहिला. सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस. पन्नासला पास. जूनमध्ये पाचव्यांदा बसायचंय. ऑफिसात मला विचारायचंसुद्धा सोडून दिलंय सगळ्यांनी, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट आहे.

छापलेला कागद पावाच्या डब्याखाली सरकवून ठेवला. नवऱ्याला, डूगलला, दाखवला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कागद अजून डब्याखालीच. टोस्ट करायलासुद्धा तिकडे गेले नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज ऑलिफंटबाईंचा ऑनलाइन वर्ग होता. पडद्यावर सात चौकोन, त्यात सहा चेहरे माझ्या निम्म्या वयाचे. बाईंनी नाव न घेता माझीच ओळ वाचून दाखवली — 'साठा तपासावा.' सगळे हसले. मीही हसले, म्हणजे कुणाला कळू नये.

मग बाई म्हणाल्या, समजा कालच कामाला लागलेल्या माणसाच्या हातात तुमची ही ओळ दिली आणि त्याला गोदामात सोडलं. तो काय करेल? उभा राहील, दुसरं काय! त्याला सांगा — कशाला हात लावायचा, तिथून कुठे जायचं आणि कशासाठी जायचं. तीनही असली तर एक मार्क. एक राहिलं तर अर्धा. नुसतं 'तपासा' लिहिलंत तर मी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.

आणि दिशा. यादीतली ओळ निवडून पेटीपाशी गेलात तर एवढंच कळतं, की यादीतला माल खरंच आहे. पेटी निवडून यादीकडे आलात तर कळतं, की असलेला माल यादीत आलाय. एकावरून दुसरं कळत नाही. दोन्ही वाटा चालाव्या लागतात.

हे मला माहीत होतं. माहीत असून कधी लिहिलं नाही. का, कोण जाणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

डूगलला कागद सापडला. पावाचे चुरे झाडायला डबा उचलला म्हणे. सकाळी बस घेऊन कामावर गेला, आणि फ्रिजवर चिठ्ठी —

'हिरव्या कचरापेटीचं झाकण उघडून आत बघा. भिंतीवरच्या नगरपालिकेच्या तक्त्याशी आजची तारीख ताडून पाहा. म्हणजे पेटी आज बाहेर ठेवायची होती आणि बायको ती विसरली, याची खात्री होईल.'

संध्याकाळी आल्याआल्या विचारतो, "किती मार्क?"

अर्धा, म्हटलं.

"अर्धाच? हात लावला, तक्त्याकडे गेलो, कशासाठी तेही सांगितलं!"

"बायको विसरली हे तक्त्यावर कुठे लिहिलंय? पुराव्याशिवाय लिहिलंस."

खूप हसलो. मग त्याने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं ते त्या हातामुळे.

रविवार, २ मार्च

ऑलिफंटबाईंनी मला एकटीला वेगळा गृहपाठ दिला. पुस्तकातलं काही लिहू नका, म्हणाल्या. तुम्ही स्वतः दरवर्षी ज्या मोजणीला जाता, तिथे तुमचे हात काय करतात ते लिहा.

म्हणजे हॉगरिग मिल. दर ३१ मार्चला. माझे वडील याच मिलमध्ये विणकामाच्या यंत्रावर होते. गोदाम सँडी एलियट सांभाळतात, पस्तीस वर्षं. मला पोरगी असल्यापासून ओळखतात.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायला घेतलं. पहिली ओळ: सँडींच्या मोजणीच्या यादीतून वीस ओळी निवडते. ठीक. दुसरी: त्या वीस पेट्या मांडणीवर शोधून, उघडून, आतले धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, मोजते, वजन करते —

इथे थांबले.

करते?

मी सँडींच्या खोपटात बसते. त्यांची बायको नेट्टा बॅनक, म्हणजे मनुकांचा गोड पाव, भाजून पाठवते, त्यावर लोणी लावलेलं असतं. चहा असतो. बाहेर गोदामात बर्फासारखी थंडी. सँडी यादी वाचतात, मी टिक करत जाते. वरच्या रांगांना शिडी लागते. 'वर काय, तेच आहे गेल्या वर्षीचं, पोरी,' असं म्हणतात. मी टिक करते. मग वडिलांच्या गोष्टी निघतात.

आणि ऑफिसात येऊन लिहिते — वीस पेट्या उघडून मोजल्या, जुळल्या. सही.

चार वेळा नापास झाले, तर वाटायचं मला लिहिता येत नाही. मला लिहिता येत नव्हतं, कारण मी ते केलेलंच नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

सगळे जेवायला गेले तेव्हा कपाटातून हॉगरिगच्या जुन्या फायली काढल्या. पहिली दोन वर्षं मी खरंच चढले होते. २०१४ आणि २०१५. कागदावर कोळ्याच्या जाळ्याचा डाग आहे, खाडाखोड आहे, 'पेटी २१२ मध्ये दोन कोन कमी' असं लिहिलंय. २०१६ पासून कागद स्वच्छ. अक्षर सुंदर. महामारीच्या वर्षी फोनवर मोजणी झाली, असं लिहिलंय — तेवढं एक खरं. बाकी आठ वर्षं खोटी. आठ सह्या. खाली गॅविनच्याही सह्या, तो आमच्या ऑफिसचा मालक म्हणून. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून केलेल्या.

२०१६ ला काय झालं होतं? काहीच नाही. पाऊस होता आणि मी नवे मोजे घातले होते. बस, एवढंच.

सोमवार, ३१ मार्च

आज गेले. जुनी पँट, जाड बूट.

सँडींनी खोपटाचं दार उघडून धरलं होतं. चहा ओतलेला. मी म्हटलं, नंतर घेते. ते म्हणाले, गार होईल. होऊ दे, म्हटलं, आणि शिडी ओढत नेली. ते मागे मागे आले. "अगं, वर धूळ आहे नुसती. तुझे बाबा असते तर ओरडले असते मला, पोरीला शिडीवर चढवली म्हणून."

यादी खिशात ठेवली. आधी पेट्याच निवडल्या, डोळे मिटून बोट ठेवावं तशा, वरच्या रांगेतल्या दहा. त्यातल्या तीन यादीत नव्हत्याच. भरलेल्या, चांगल्या निळ्या धाग्याच्या, आणि यादीत नाहीत! मग यादीतल्या वरच्या रांगेतल्या दहा शोधल्या. चार पेट्या उचलताच हाताला हलक्या लागल्या. आत कोरे पुठ्ठ्याचे कोन, धागा कधीच काढून नेलेला. एकीत कसर लागलेली.

खाली उतरले तेव्हा सँडी शिडी धरून उभे होते. हातात पेटीवरचं एक तिकीट, आकडा लिहिलेली चिठ्ठी. ते त्यांनी डोळ्यांसमोर धरलं नव्हतं, कानाजवळ तिरकं धरलं होतं, डोळ्याच्या कडेने वाचता यावं म्हणून. मधलं दिसत नाही, म्हणाले. चार वर्षं झाली. नेट्टाशिवाय कुणाला माहीत नाही. कळलं तर घरी बसवतील, आणि घरी बसून ते करतील काय?

मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं ना गं? म्हणून तर तू इतकी वर्षं वर चढली नाहीस. माझी लाज राखलीस. मी नेट्टाला नेहमी म्हणतो, त्या पोरीचं काळीज बापासारखं आहे."

मी काय केलं? नाही म्हणाले नाही. हसले. त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि हसले.

मंगळवार, १ एप्रिल

हसले मी.

गुरुवार, ३ एप्रिल

गॅविनला यंदाचे फरक सांगितले. फक्त यंदाचे. त्याने खुर्ची मागे ढकलून शीळ घातली. "कॅट, हे तू शोधलंस? चढून?" चढून, म्हटलं. सगळ्या ऑफिसला बोलावून सांगितलं त्याने — असं काम करावं लागतं, शिका! जूनचा पेपर सुटला तर मला व्यवस्थापक करणार म्हणाला.

टाळ्या वाजल्या. माझे कान तापले.

मिलने सगळं गोदाम पुन्हा मोजायला घेतलंय. सँडींच्या डोळ्यांचं त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं. कुणी रागावलं नाही. जूनअखेर मानाने निवृत्त करणार आहेत. चोरी नव्हतीच ती. कमीही होतं आणि जास्तही होतं.

माझंच काय ते उरलं.

रविवार, ११ मे

सराव. रोज सकाळी दहा ओळी. बाईंचा शेरा आला — 'आता तुमच्या ओळी घेऊन मी स्वतः गोदामात जाऊ शकेन.' आधी असा शेरा आला असता तर नाचले असते. आज वाटलं, नका जाऊ बाई, तिथे माझी आठ वर्षं पडली आहेत.

मंगळवार, ३ जून

एडिनबराला पेपर. गावात स्वारीच्या सणाची, घोड्यांवरून गावची शीव फिरायची, तयारी, बासरी आणि ढोल पहाटेपासून. बसस्टॉपवर डूगलने डबा दिला आणि म्हणाला, "शेजारी बसलेल्या पोरांना नुसता दाखवू नकोस, स्वतः खा."

चौथा प्रश्न — गोदामातली मोजणी. वर्णन करा. दहा मार्क.

बोटं थांबली नाहीत. वरच्या रांगेतून पेट्या निवडा, उघडा, कोन मोजा, तिकिटावरच्या आकड्याशी आणि मग यादीशी ताडून पाहा, म्हणजे असलेला सगळा माल नोंदला गेला आहे याची खात्री होईल. यादीतून ओळी निवडा, पेटीपर्यंत जा, हलकी आहे का उचलून बघा... मोजणारा माणूस खरंच मोजतो आहे का, की नुसतं वाचतो आहे, ते त्याच्या शेजारी उभं राहून बघा, म्हणजे त्याच्या आकड्यावर किती विसंबावं ते ठरवता येईल.

हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नव्हतं. लिहिताना तोंडाला बॅनकची चव आली. आणि मग कोरड.

शुक्रवार, २७ जून

सँडींचा निरोप, मिलच्या कँटीनमध्ये. सॉसेज रोल, केक, भिंतीवर सँडींचे जुने फोटो. एकात माझे वडील, केसांत लोकरीचे तंतू. मालकांनी घड्याळ दिलं. सँडी म्हणाले, आता वेळ दिसत नाही, निदान टिकटिक तरी ऐकेन. सगळे हसले.

मग त्यांनी हाताने चाचपत मला शोधलं. पन्नास-साठ माणसांसमोर म्हणाले, "ही कॅट्रिओना. हिला वर्षानुवर्षं माहीत होतं. एक शब्द बोलली नाही, मला कधी कमीपणा आणला नाही. आणि वेळ आली तेव्हा स्वतः चढली. असं मन सगळ्यांचं नसतं."

टाळ्या. नेट्टाने मला मिठी मारली. गॅविन माझ्याकडे जरा वेगळं बघत होता — 'वर्षानुवर्षं माहीत होतं' हे त्यानेही ऐकलं. रस्त्यात विचारलं त्याने, "माहीत होतं तुला?" नाही, म्हटलं. ते खरं होतं. त्यापुढचं खरं मी बोलले नाही.

केक खाल्ला मी. दोन तुकडे. नाही म्हणायला तोंड रिकामं ठेवावं लागलं असतं.

सोमवार, १४ जुलै

एकाहत्तर.

डूगल रस्त्यात उभा राहून ओरडला, शेजारीण खिडकीत आली. गॅविनने फुलं पाठवली. ऑलिफंटबाईंनी एका ओळीत लिहिलं — 'कसं, ते आता तुम्हीच मला सांगा.'

लेखापालांच्या संस्थेचा सभासदत्वाचा अर्ज आला. पहिल्याच पानावर — आपल्या कामाच्या सचोटीला बाधा येईल असं काही आपण केलं आहे का? हो. नाही. दोन चौकोन.

बुधवार, १६ जुलै

अर्ज तसाच ठेवला. गॅविनसाठी कागद लिहिला. पाच वेळा लिहिला. 'मला माफ कर', 'मी चुकले', 'निष्काळजीपणा झाला' — वाचून बघितलं तर सगळं 'साठा तपासावा'सारखंच. कसं? कसं? शेवटी बाईंच्या पद्धतीने लिहिलं:

'हॉगरिग मिलच्या २०१६ ते २०२४ च्या फायली काढ, २०२० सोडून. प्रत्येकीतलं वीस पेट्यांचं पान उघड. त्यावरच्या टिकच्या खुणा यंदाच्या पुनर्मोजणीशी ताडून पाहा. म्हणजे त्या पेट्या कॅट्रिओना लेडलॉने उघडल्या नव्हत्या आणि उघडल्या असं लिहून सही केली होती, याची खात्री होईल.'

हे लिहिण्यासाठी आधी मी स्वतः तसंच केलं. जुन्या याद्या एकीशेजारी एक मांडल्या. एक गोष्ट खटकली. वरच्या रांगेतले आकडे २०१७ पासून दरवर्षी अगदी तेच आहेत. एकही कोन इकडचा तिकडे नाही.

सँडी तर म्हणाले होते, डोळे चार वर्षांपूर्वी गेले. मग २०१७ चं काय?

गुरुवार, १७ जुलै

गॅविनने कागद दोनदा वाचला. दार लावून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "खाली सही माझी आहे, कॅट. आठही ठिकाणी."

माहीत आहे, म्हटलं.

मिलच्या मालकांना कळवावं लागेल, संस्थेला कळवावं लागेल. व्यवस्थापक वगैरे आता विसर. सभासदत्व मिळेल का, केव्हा मिळेल, त्यालाही सांगता येत नाही. मी जायला निघाले तेव्हा म्हणाला, "चांगलं लिहिलंयस. असं इतक्या वर्षांत लिहिलं असतंस तर!"

अर्जावर 'हो'च्या चौकोनात खूण केली.

डूगलला सगळं सांगितलं. तो उठून कचरापेटी बाहेर ठेवून आला. तिची वेळ उद्याची होती.

आता सँडी उरले. त्यांना अजून वाटतंय माझं काळीज बापासारखं आहे.

शनिवार, १९ जुलै

दुपारी त्यांच्या घरी गेले. नेट्टा दुकानात गेली होती. उभ्याउभ्याच सांगितलं — मला काही माहीत नव्हतं, सँडी. तुमच्या डोळ्यांचं नाही, कशाचंच नाही. मला फक्त शिडी चढायचा कंटाळा होता.

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. नवं घड्याळ टिकटिकत होतं. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "डोळ्यांचं सांगणं सोपं होतं, पोरी. पहिली दोन वर्षं तू चढायचीस, म्हणून तू यायच्या आधी मीही चढून मोजायचो. तू थांबलीस. पुढच्या वर्षी मीही थांबलो. तेव्हा मला शिडीवरून अख्खं गोदाम स्पष्ट दिसत होतं."